अर्ध्या लिटरचा आक्षेप

सकाळी दुधाच्या पिशव्या आल्या आणि आक्षेपकाकांनी घरातला पहिला आक्षेप घेतला. नोकरी हिशेबतपासनिसाची, दुसऱ्यांच्या खर्चावर लाल शेरे मारण्यात उभी हयात गेलेली. कचेरीने ठेवलेलं हे नाव निवृत्तीनंतर त्यांच्यामागोमाग घरी आलं होतं. पगार गेला, हातात पेन्शन पडायला लागली, ती निम्म्याहून कमी. त्यात लेकीचा फोन आला, की रविवारी माझे सासू-सासरे तुमच्याकडे चार दिवस राहायला येतायत. व्याह्यांसमोर आपलं घर ओढगस्तीचं दिसता कामा नये, हा एकच घोर काकांना लागला. पाहुणचार दणक्यात करायचा तर पैसा कुठूनतरी वाचायलाच हवा होता.

“दीड लिटर कशाला लागतं गं? आपण दोघंच तर आहोत.”

“अर्धा लिटर खाली शिंपीणबाईंना,” काकू म्हणाल्या.

“त्या पैसे देतात?”

“नाही.”

“मग आपले कपडे फुकट शिवतात?”

“छे. रोख घेतात. वर उशिरा देतात.”

काकांनी डोळे मिटले. असल्या नोंदींवर त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. “हे कधीपासून चाललंय?”

“आठवत नाही बाई.”

“उद्यापासून बंद.”

“बघा हं,” काकू म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. बघायचं काय त्यात, असं काकांना वाटलं.

दोन दिवसांत वरच्या मजल्यावरच्या नळांना पाणी यायचं थांबलं. काका बादल्या घेऊन जिने चढू लागले आणि त्यांच्या कमरेत उसण भरली. डॉक्टरने फी घेतली आणि वर औषधांची चिठ्ठी दिली. मधल्या मजल्यावरचे मास्तर परोपकाराच्या भरात खाली जाऊन पंप सुरू करून आले. खालच्या टाकीत पाणी आहे की नाही हे काही त्यांनी पाहिलं नाही. पंप जळाला. दुरुस्तीची वर्गणी प्रत्येक घराला इतकी आली, की तेवढ्यात शिंपीणबाईंना दोन महिने दूध घालता आलं असतं. त्यातच गॅसचा सिलिंडर परत गेला आणि इस्त्रीवाला ऐन पाहुण्यांसाठीच्या चादरी माघारी घेऊन गेला.

“माघारी का नेल्या?” काकांनी फोनवर विचारलं.

“खाली कुणी नव्हतं घ्यायला.”

गॅसवालाही हेच म्हणाला, “खाली कुणी नव्हतं.” पंपवाल्याने जळकी मोटर उलटीपालटी करत विचारलं, “पंपापाशी खाली कुणी नव्हतं का?” तिघांच्या तोंडी एकच वाक्य आलं तसे काका सावध झाले. खाली कुणी नव्हतं, याचा अर्थ एरवी कुणीतरी असायचं. ते कंबर धरून जिना उतरले.

शिंपीणबाईंचे सासरे, ज्यांना सगळी इमारत आजोबा म्हणायची, ते खाटेवर पडले होते.

“आजोबा, बरं नाही का?”

“ठणठणीत आहे.”

“मग हल्ली पायरीवर दिसत नाही तुम्ही.”

“अहो, मी पहाटे उठायचो ते चहासाठी. उठलोच आहे तर पंप लावायचो. टाकी भरेपर्यंत पायरीवर बसायचो. बसलोच आहे तर कुणाचा सिलिंडर, कुणाचे कपडे घेऊन ठेवायचो. आता चहा कोरा मिळतो. कोऱ्या चहासाठी कोण उठतं हो?”

त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. सबंध इमारतीचं पाणी, गॅस आणि इस्त्री अर्ध्या लिटर दुधावर चालत होतं, आणि तो खर्च काकांनी अनावश्यक ठरवला होता.

“मी काही बोलले नाही, काका,” शिंपीणबाई मशीनवरून हळूच म्हणाल्या. “पेन्शनीत ओढाताण होतेच. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, सध्या काकांकडे काही मागू नका म्हणून.”

काकांची कंबर जास्तच दुखायला लागली. लंगडत वर येऊन त्यांनी काकूंना विचारलं, “पंप त्या दुधावर चालतो, हे ठाऊक होतं तुला?”

“ठाऊक कसलं? त्यांना दूध लागायचं, आपल्याला पाणी. चाललं होतं.”

“असं अजून काय काय आहे घरात?”

“आता ते मी कसं सांगू? काही बंद केलंत की कळेल.”

काका घराकडे नव्या नजरेने पाहू लागले. मोलकरणीला दिलेली जुनी साडी, कोपऱ्यावरच्या दुकानातून मुद्दाम चढ्या भावाने आणलेला साबण, समोरच्या पोराला दर आठवड्याला मिळणारा खाऊ. कशाने काय तोलून धरलंय, देव जाणे. त्यांनी कशालाही हात लावला नाही. दूध मात्र ताबडतोब सुरू केलं.

रविवार उजाडला तेव्हा आजोबा पायरीवर होते, पण पंप अजून दुरुस्तीतच होता. घरात एकच बादली पाणी उरलं होतं आणि व्याही-विहीण दारात उभे. काकांनी व्याह्यांच्या हातावर तांब्यातून बेताबेताने पाणी घातलं. मान वर करायची सोय नव्हती.

“नळाला पाणी नाही का?” बँकेतून नुकतेच निवृत्त झालेल्या व्याह्यांनी विचारलं.

“पंप जळालाय.”

व्याह्यांनी आत स्वयंपाकघरात एकदा नजर टाकली. दोघी बायका बोलत होत्या. मग ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “काय बंद केलं होतंत?”

काकांनी चमकून पाहिलं. “दूध. शेजारचं. तुम्ही?”

“वर्तमानपत्र. आमच्याकडे पंधरा दिवस वीज नाही. म्हणून तर आलो.”

“वर्तमानपत्र बंद केल्यावर वीज कशी जाईल?”

“तेच तर मला अजून नीटसं कळलेलं नाही,” व्याही म्हणाले, आणि भाबड्या भक्तिभावाने स्वयंपाकघराकडे पाहत राहिले. “पण गेली.”