नऊ पूर्णांक आठ

दहावीला विज्ञानात नापास झालेल्याने भौतिकशास्त्र शिकू नये, असा कायदा नाही. जव्हारच्या रद्दीवाल्याकडून पुस्तकं आणून मी ते शिकलो. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यात बल, वस्तुमान, त्वरण कळणारा मी एकटाच. म्हणजे, तसं मला वाटायचं.

आमच्याकडे नळ आहेत. बाया त्यांवर कपडे वाळत घालतात. टँकर वरच्या सडकेवर थांबतो आणि हंडे डोक्यावर घेऊन उतार उतरायचा बायांनीच. कोणाला लाज नाही! म्हणून मी मोटारसायकलच्या जुन्या चाकांची गाडी केली आणि शेजारच्या पोशीवहिनीला म्हटलं, तुमचं सगळं पाणी गाडीवरच्या माझ्या पिंपात ओता. दुसऱ्या दिवशी तिच्या लेकीची, रविनाची हळद. पुढचा टँकर कधी, हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. ती कांकू करत होती, पण मी शास्त्र सांगितलं.

गाडीला मागून स्प्रिंगचा ताणकाटा लावून मी आणि माझा दोस्त बुधाने ती उतारावर रोखून धरली. काट्याने चाळीस दाखवले. गाडीचं वजन पाण्यासकट दोनशे किलो. चाळीस भागिले दोनशे, त्वरण शून्य पूर्णांक दोन. मीटरचे किलोमीटर केले. दहा सेकंदांनी वेग ताशी सात! बाजाराला निघालेली बाई याहून फार हळू जात नाही. गाडी मोकळी सोडायची आणि शेजारून चालायचं.

"लय ओढते रं," बुधा म्हणाला. दोर बांधू म्हणत होता. तुझ्या हातांना गणित येत नाही, असं त्याला सुनावून मी गाडी सोडली.

ताशी सात पहिल्याच सेकंदाला झाले. गाडी उधळलेल्या रेड्यासारखी सुटली, मागे मी, माझ्यामागे एका चपलेवर बुधा. कोंबड्या छपरावर गेल्या. पिंप थेट पोशीवहिनीच्या मांडवात शिरून आडवं झालं. पाणी घरपोच मिळालं. सारवलेल्या अंगणाने ते पिऊनही टाकलं.

चिखलात बसल्यावर चूक सापडली. ताणकाटा किलो दाखवतो, बल न्यूटनमध्ये लागतं.

"वहिनी, नऊ पूर्णांक आठने गुणायचं राहिलं."

ती मांडवाचा कललेला खांब सरळ करत होती. "मंग आता गुणा. पाणी परत येल का?"

टँकर निघून गेला होता. तिने हंडा उचलून खालच्या झऱ्याची वाट धरली. मी मागे धावलो, हंड्याला हात घातला. तिने तो काखेत घट्ट आवळला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी. यो एक तरी भरलेला घरी येऊ द्या."