उणे बटाट्याचा कडता

तुम्हीच सांगा, गणितात विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवावा? एम.एस्सी. झालेल्या बाईंवर, की जन्मभर तागडी धरलेल्या स्वतःच्या नवऱ्यावर? उत्तराची घाई करू नका. नूरबानूनं घाईच केली होती.

नूरबानू म्हणजे आमच्या मार्केट यार्डातल्या जब्बारशेठची बायको. शेठचा कांदा-बटाट्याचा गाळा. शाळा चौथीपर्यंत (तीही मास्तरांच्या हट्टापायी, असं ते स्वतःच सांगत), पण तोंडी हिशेब असा, की पोतं हमालाच्या पाठीवरून उतरायच्या आत आकडा सांगून मोकळे. कडता मात्र आधी धरायचे. कडता म्हणजे माती, ओल, सड यांच्या नावानं मालाच्या वजनातून आधीच जे थोडं कापून घ्यायचं ते. आम्हा व्यापाऱ्यांना त्याची इतकी सवय, की लग्नात कुणी सुनेचं कौतुक करू लागलं तरी आम्ही मनातल्या मनात कडता धरतो.

तर नूरबानूचं लग्न ती नववीत असताना झालं आणि दहावी राहिली ती राहिलीच. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, तेव्हा तिनं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. नुसती हौस नव्हती ती. खडकीला तिच्या माहेराजवळ एक बालवाडी होती. तिथल्या सरुबाई जूनमध्ये निवृत्त व्हायच्या होत्या, आणि आपल्या जागी त्यांनी नूरबानूचं नाव सुचवून ठेवलं होतं. अट एकच, दहावी पास. पोरांना गाणी शिकवायची, त्यांची नाकं पुसायची आणि हजेरीपटावर 'बाई' म्हणून सही करायची, एवढंच तिला हवं होतं. आजवर तिची सही रेशनच्या दुकानापलीकडे गेली नव्हती.

पेपर मराठीत, म्हणून तिनं फर्मान काढलं की परीक्षा होईपर्यंत घरात मराठीच बोलायचं. जब्बारशेठना आयुष्यात पहिल्यांदा 'अहो' ऐकायला मिळालं. सुरुवातीला ते खूष होते. पुढे तिनं 'आपण' सुरू केलं, तेव्हा त्यांना कळलं की मराठीत माणसाला आदरानंही झोडपता येतं.

बाकीचे विषय ठीक चालले होते. बीजगणितासाठी मात्र ती संध्याकाळी स्वारगेटजवळ सुनीती मॅडमच्या क्लासला जाई, आणि नेमकी तीच शेठची जेवायची वेळ. भाकरी डब्यात झाकून ठेवलेली. गार. काही दिवस शेठनी ती चावली आणि मग जाहीर केलं की घरात चालताबोलता हिशेबनीस असताना क्लासची गरजच काय. गणित मीच शिकवीन.

यार्डात त्यांनी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. समोरच्या गाळ्यावरचे सर्जेराव लसणाच्या पोत्यावर बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "भाकर गार लागती म्हणून वैनींचा क्लास बंद करताय व्हय, शेठ?"

शेठ म्हणाले, प्रश्न गणिताचा आहे. सर्जेराव म्हणाले, आसंल.

दुसऱ्याच दिवशी शेठ जुनी तागडी, वजनं आणि पिशवीभर माल घेऊन घरी आले. स्वयंपाकघरात शिंकं टांगायच्या हुकाला तागडी अडकवली. क्ष म्हणजे बटाटा, य म्हणजे कांदा, पन्नास ग्रॅमचं वजन म्हणजे एक. पुस्तकात गणित होतं: दोन क्ष आणि एक य मिळून अकरा, एक क्ष आणि एक य मिळून सात. अकरातून सात उचलले की कांदा जातो आणि उरतो एक बटाटा, चार. म्हणजे कांदा तीन. कल्पना चांगलीच होती, ते नाकारता येत नाही. अडचण एवढीच की पुस्तकातले सगळे क्ष सारखे असतात, आणि मंचरचे बटाटे नसतात.

शेठनी विळी घेतली आणि मोठा क्ष तासायला बसले. तो जास्त तासला गेला, म्हणून दुसरा तासला. मग पुन्हा पहिला. जेवायच्या वेळेपर्यंत दोन्ही क्ष सुपारीएवढे झाले, तरी पारडी काही बरोबर येईनात.

"उत्तर चार आहे हे मला माहीत आहे," शेठ म्हणाले. "बटाट्याला माहीत नाही, त्याला मी काय करू?"

आणि मागच्या पानावर उत्तर खरोखरच चार होतं. तिथेच सगळा घात झाला. नूरबानूनं गणित वाचायचं आणि पान उलटायच्या आत शेठनी उत्तर सांगायचं, असं सुरू झालं. प्रत्येक उत्तर बरोबर. रीत विचारली की शेठ म्हणत, रीत मॅडमना लागते, मला आकडा दिसतो. पुस्तकात 'य चा लोप करा' असं लिहिलेलं असे. तो रोज संध्याकाळी फोडणीत होई. भाकरी मात्र गरम मिळू लागली.

मग असमीकरणं आली. त्यात दोन बाजूंच्या मध्ये बरोबरचं चिन्ह नसतं, पाखराच्या चोचीसारखं लहान-मोठं दाखवणारं चिन्ह असतं. शेठना ते फार पसंत पडलं. काटा कधी बरोबर नसतोच, हे पुस्तकवाल्यांना उशिरा का होईना कळलं, असं त्यांचं मत पडलं. पहिलंच गणित होतं: उणे दोन क्ष हे उणे सहापेक्षा लहान, तर क्ष काढा.

नूरबानू म्हणाली, उण्यानं भागलं की चोच फिरवायची असते, मॅडमनी सांगितलंय.

"का फिरवायची?"

"ते त्या पुढच्या तासाला सांगणार होत्या," ती म्हणाली. "तेवढ्यात आपण क्लास सोडवलात."

शेठनी एक बटाटा उचलला, दोन्ही पारड्यांकडे पाहिलं आणि पुन्हा पिशवीत टाकला. उणे बटाटा कुठल्या पारड्यात ठेवतात, हे त्यांना सुचेना. (यार्डात असा माल येत नाही.) पण दोन्ही पारड्यांना सारखीच वागणूक दिल्यावर काटा उलटा जाईलच कसा? क्ष तीनपेक्षा लहान, असं त्यांनी सांगितलं. पुस्तक म्हणत होतं, मोठा. शेठनी क्षणभर विचार केला, छापताना चिन्हाचा खिळा उलटा बसला असणार असा निकाल दिला, आणि पोत्यांवर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीनं त्या धड्याच्या साऱ्या उत्तरांच्या चोची दुरुस्त करून टाकल्या.

नूरबानू जरा घुटमळली. पण आतापर्यंत या माणसाचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. तिनं विश्वास ठेवला.

पेपर देऊन ती हसत घरी आली होती. जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत चांगले गुण, बीजगणितात थोडक्यात नापास. समीकरणांत नुसती उत्तरं होती, रीत नव्हती. असमीकरणांत रीत होती, पण चोची सगळ्या निळ्या पेन्सिलीच्या.

ती रडली नाही. तिनं हुकाची तागडी काढली, घासली, पुसली आणि फडक्यात बांधून शेठच्या चपलांशेजारी ठेवून दिली.

आठवड्यानं खडकीहून सरुबाई स्वतः आल्या. चहा घेतला. म्हणाल्या, वरच्यांना थांबवत नाही गं, दुसरीचं नाव गेलं. येताना त्यांनी बालवाडीची पितळी घंटा पिशवीतून आणली होती, आपल्या हातानं नूरबानूला द्यायची म्हणून. ती तशीच परत नेली. त्या जिना उतरत होत्या आणि प्रत्येक पायरीला पिशवीतून बारीक आवाज येत होता. खालच्या दारापर्यंत येत होता.

परीक्षा संपली, पण घरातली मराठी संपली नाही. 'आपण जेवून घ्यावं.' 'आपली छत्री राहिली.' बस, एवढंच. सर्जेरावांनी एकदा विचारलं, घरी काय म्हणत्यात? शेठ म्हणाले, "आपण म्हणतात." त्यानंतर सर्जेरावांनीसुद्धा चेष्टा केली नाही.

नूरबानू पुन्हा क्लासला जाऊ लागली, ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी. शेठ डब्यातली गार भाकरी मुकाट खात. एका संध्याकाळी ती परतली तेव्हा त्यांनी ताटावरून न उठता, खाली बघतच विचारलं, ती चोच का फिरते?

तिनं खडू घेतला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी उभी राहिली.

"चुका मोजू. माझ्या दोन. क्लास सोडला ती एक, आपल्यावर विश्वास ठेवला ती दुसरी. आपल्या किती?"

शेठनी आठवून एक सांगितली: रीत शिकवली नाही.

ती खडू भिंतीला लावून तशीच थांबली. मग त्यांनी गार भाकरीची सांगितली. मग निळ्या पेन्सिलीची. आणि शेवटी, सरुबाई आल्या तेव्हा आपण मोरीकडच्या मागच्या जिन्यानं यार्डात निघून गेलो, ती सांगितली. पाचवी तिनं आपली आपण धरली. कोणती, हे विचारायचा धीर शेठना झाला नाही.

"पाच मोठे की दोन?"

"पाच."

तिनं तशी चोच काढली. "पण चूक ही जमेची नसते." असं म्हणून तिनं दोन्ही आकड्यांच्या आधी उण्याची रेघ ओढली. "आता मोठं कोण, लहान कोण?"

शेठ ताटावरून उठले. उष्ट्या हातानं चोच पुसली, डाव्या हातात खडू घेतला आणि ती फिरवून काढली. काटा उलटा का जातो, ते इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा दिसलं. चोचीच्या लहान टोकाला ते स्वतः उभे होते. तरी अखेर जात व्यापाऱ्याची.

"थोडा कडता?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो कापूनच पाच लिहिल्यात," नूरबानू म्हणाली.

ऑक्टोबरच्या परीक्षेत ती पास झाली. बालवाडीत तोवर दुसऱ्या बाई रुळल्या होत्या. दाखला कपाटात आहे. पुढच्या दिवाळीत घराला रंग काढला, तेव्हा तिनं रंगाऱ्याला भिंतीचा तेवढा तुकडा सोडायला लावला, आणि शेठ रोज त्याच्याकडे तोंड करून जेवतात.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. घरचा हिशेब ठेवाल तेव्हा खरा ठेवा. जिथे उणे आहे तिथे उणेच लिहा. आणि कडता मागू नका. घरच्यांनी तो आधीच कापलेला असतो.