थोरलीचा कौल

पाचकोंडच्या प्रमिला घागला पुराकाल कार्यालयाने जे मूल सांभाळायला दिलं, ते दहा हजार वर्षांपूर्वीचं होतं आणि त्याला सर्दी झाली होती.

मूल घेऊन आले ते जिल्ह्याच्या कार्यालयातले कुलथेसाहेब. माणूस भला, पण प्रत्येक वाक्य बोलून झालं की त्यावर शिक्का उमटेपर्यंत थांबल्यासारखे थांबायचे. त्यांनी जीपमधून मुलगी उतरवली, ओटीवर आणून उभी केली आणि सांगितलं, की ही तुमच्याच सड्यावरची आहे, तेव्हा नियमाप्रमाणे तुमच्याच गावात द्यावी लागते. पावसाळाभर सांभाळा. दिवाळीच्या आधी मी येईन, तेव्हा कायमची ठेवायची की तिच्या काळात परत पोचवायची, ते ठरवू. प्रमिलाने विचारलं, हिला खायला काय घालायचं. त्यावर कार्यालयाचं काही म्हणणं नव्हतं.

सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं उघडं पठार. फार जुन्या माणसांनी तिथे जमिनीवरच चित्रं कोरून ठेवली आहेत. मासे, हरणं, एक भलामोठा हत्ती आणि कडेला पाय फाकून उभी असलेली एक बाई. पाचकोंडची गुरं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावरून चरायला जातात, आणि कुणाला त्याचं कधी विशेष वाटलं नव्हतं.

प्रमिलाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. नवरा जयराम टेम्पो चालवायचा, घरी कमी असायचा. त्यानेच कुठूनसं कळल्यावर कार्यालयाकडे अर्ज केला होता. दोघांनी मुलाची आस धरली होती आणि पदरात पडला पूर्वज. पण पोरीचं नाक वाहत होतं, गुडघे फुटलेले होते आणि ती प्रमिलाच्या पदराचं टोक तोंडात घालून चोखत होती. प्रमिलाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की ही आता कुठे जायची नाही.

पहिली अडचण हाकेची झाली. गावातले सर्वांत वयस्कर तात्या पाष्टे काठी टेकत मुलगी बघायला आले. त्यांनी तिचं वय विचारलं, टोपी काढली आणि ओटीच्या एक पायरी खाली बसले. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारायची पाचकोंडात पद्धत नाही आणि हिच्याहून वडील गावात कोण असणार. तेव्हापासून तिला सगळे थोरली म्हणू लागले, आणि अहोजाहो करू लागले. प्रमिला रोज सकाळी आधी तिच्या पाया पडायची आणि मग तिचं नाक पुसायची.

“थोरली, दगड तोंडात घालू नका,” ती म्हणायची. “थुंका बघू. शाण्या ना तुमी?”

थोरली थुंकायची. शहाणी होतीच.

शाळेत मात्र तिला घेतलं नाही. मास्तरांनी दाखला दोनदा वाचला आणि अतिशय आदराने सांगितलं, की पहिलीसाठी वयाची एक मर्यादा असते आणि बाई ती ओलांडून बऱ्याच पुढे आल्या आहेत. एसटीत उलट झालं. कंडक्टरने दाखला बघून एका म्हाताऱ्याला उठवलं आणि तिला खिडकीची जागा दिली. म्हाताराही कुरकुरला नाही. उतरताना तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, मग चूक लक्षात येऊन त्याने आपलंच डोकं पुढे केलं. थोरलीने त्याच्या टकलावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली, कारण ते उबदार लागत होतं.

टीव्ही, मोबाइल, गॅस, कशाचंच तिला नवल वाटलं नाही. एकदा बघायची आणि सोडून द्यायची. नवल गावालाच वाटायचं, तिचं. ती अंगणात बसली की बसली. पापणीसुद्धा हलायची नाही. एकदा बुलबुल येऊन तिच्या डोक्यावर बसला, केस विस्कटून त्यातली एक काडी घेऊन उडाला. जयराम टेम्पो धुत होता, त्याच्या हातातली बादली तशीच राहिली. त्या रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, की आपण कधी असे बसलो होतो का, आणि बसलो असू तर उठलो कशाला.

प्रमिलाला ती ‘उना’ म्हणायची. भूक लागली की उना, पडली की उना, झोप आली की उना. त्याचा अर्थ कार्यालयालाही माहीत नव्हता. प्रमिलाला विचारायची गरज वाटली नाही.

गणपती जाऊन सड्यावर रानफुलं आली तेव्हा थोरली एका दुपारी एकटीच वर गेली. प्रमिला तिच्या मागोमाग धापा टाकत चढली. वर पोचली तेव्हा पोर त्या पाय फाकलेल्या बाईच्या चित्रापाशी कातळावर आडवी झाली होती. तिने कोरलेल्या हातावर आपला गाल ठेवला होता. आणि ती म्हणाली, “उना.”

प्रमिला जागच्या जागी उभी राहिली. कातळावर ऊन होतं, वारा फुलांवरून जात होता आणि खाली गावात कुणीतरी भात कांडत होतं. मग तिला दिसलं, की बाईच्या शेजारी आणखी एक चित्र आहे. लहान, वीतभर उंचीचं, हात वर केलेलं. प्रमिला याच सड्यावर गुरं राखत मोठी झाली होती. ते चित्र तिथे नव्हतं. आता होतं, आणि दहा हजार वर्षं जुनं होतं. रेघांत शेवाळ वाळून काळं पडलं होतं, एका कोपऱ्यातून गवताचं मूळ फुटून गेलं होतं.

तिकडे, पोरीच्या काळात, कुणीतरी कोरत बसलं होतं. प्रमिलाने वाकून त्या रेघेवरून बोट फिरवलं. दगडात इतकं खोल जायला किती बसावं लागत असेल, हे तिला बोटालाच कळलं. तिला रडू आलं आणि भीतीही वाटली, आणि दोन्हींच्या वर, एवढ्या लांबून कुणी हाक मारू शकतं याचंच तिला फार नवल वाटलं. ती पोरीला उचलून खाली घेऊन आली. जयरामला काही सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी ठरल्याप्रमाणे कुलथेसाहेब आले. त्यांनी मुलीचं वजन बघितलं, दात बघितले, समाधान व्यक्त केलं. मूल ठेवायला प्रमिला-जयराम राजी होते. फक्त मुलीच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीची संमती हवी होती, तसा नियमच होता. साहेबांनी चौकशी केली, की घराण्यात वडील कोण. गाव म्हणालं, थोरली. साहेबांनी मान्य केलं. पण ती कायद्याने अज्ञान होती, तिची संमती चालत नव्हती. वडील म्हणून तीच विचारायची आणि लहान म्हणून तिलाच विचारायचं नाही, अशा जागी साहेब येऊन थांबले आणि चहा मागितला.

माणसाला उलगडत नाही ते पाचकोंडात देवीला विचारतात. गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे थांबतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्याला कौल म्हणतात. साहेबांनी नियम चाळले. स्थानिक प्रथेने निर्णय घ्यायला हरकत नव्हती.

हरकत सोमा गुरवाने घेतली. तो म्हणाला की देवी या गावात आली ती आमच्या पूर्वजांबरोबर. थोरली त्याच्या कितीतरी आधीपासून इथली. धाकटीला थोरलीबद्दल विचारणं बरं दिसत नाही. यावर कुणाचं दुमत झालं नाही. पाकळ्या थोरलीलाच लावायच्या ठरल्या.

सकाळी देवळाच्या अंगणात तिला पाटावर बसवलं. प्रमिलाने तिला न्हाऊ घातलं होतं, बिनबाह्यांचा झगा घातला होता. सोमाने पाकळ्या पाण्यात बुडवल्या, एक उजव्या खांद्याला लावली, एक डाव्या, आणि हात जोडले.

“थोरले, तू आमचा मूळ,” तो म्हणाला. “तुजा तूच सांग. ऱ्हायाचा आसंल तर उजवी दे. जायाचा आसंल तर डावी दे.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणालं.

थोरली बसली, ती जशी बसायची तशी. तिचा श्वाससुद्धा दिसत नव्हता. ऊन अंगणात आलं, पाटावर चढलं, तिच्या मांडीवरून खांद्यापर्यंत पोचलं. कुत्री येऊन बसली. पोरंही हूं की चूं करेनात. प्रमिलाने उजव्या खांद्यावर डोळे लावले होते. डावीकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण तिला सड्यावरची ती वीतभर रेघ आठवत होती आणि डोळे आपोआप तिकडे जात होते. देवळातली देवीही आज दार उघडं ठेवून बाहेर बघत बसली आहे, असं सगळ्यांनाच वाटलं.

पाकळ्या पडल्या नाहीत. वाळल्याही नाहीत. दुपार टळली, साहेबांचा चहा दोनदा निवला, ऊन माडांच्या मागे गेलं. तेव्हा थोरली उठली, तिला भूक लागली होती. पाकळ्या तिच्याबरोबर उठल्या.

कुलथेसाहेबांनी जवळ जाऊन दोन्ही खांदे पाहिले. कौल प्रलंबित आहे, ते म्हणाले, आणि थांबले. कौल लागेपर्यंत मूल आहे तिथेच राहील. मग ते जीपमध्ये बसले. सगळ्यांना योग्यच वाटलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. कुलथेसाहेब दर वर्षी दिवाळीच्या आधी येतात. आधी खांदे बघतात, मग चहा घेतात. पाकळ्या अजून ताज्या आहेत. प्रमिला तिचे सगळे कपडे खांद्यावर मोकळे शिवते, अंघोळ खांद्यांच्या खालून घालायची सवय तिला कधीच झाली. थोरली आता विहिरीचा रहाट ओढते, आमच्यासारखं बोलते, कुणी पाया पडलं तर लाजते. सड्यावरचं ते लहान चित्रही वाढतं. दर पावसाळ्यानंतर दोघी वर जाऊन बघतात. थोरली त्याच्या शेजारी आडवी होते, आणि चित्र तिच्यापेक्षा नेहमी थोडं उंच भरतं. तिकडे ते अंदाजानेच कोरावं लागत असणार.

यंदा साहेब यायच्या दिवशी प्रमिला सकाळी लाकडं आणायला परसात गेली. थोरली पाण्याच्या दगडी डोणीपाशी पाठमोरी बसली होती. तिने तांब्यात बोट बुडवलं, डाव्या पाकळीला लावलं आणि अंगठ्याने हलकेच दाबलं. कडा बघितल्या, परत दाबलं. सराईत हात होता तो. पहिल्या दिवसापासून ती हे करत असणार.

प्रमिलाला वाटलं, आता धावत जावं आणि हिला उराशी धरावं. इतकी वर्षं तिने देवाचे उपकार मानले होते, आणि जायची पाकळी पडू न देता ही पोर आपणहूनच राहत होती.

मग थोरलीने पुन्हा बोट बुडवलं आणि उजव्या पाकळीला लावलं. तितक्याच हलक्या हाताने. कडा बघितल्या, परत दाबलं.

प्रमिला लाकडं छातीशी धरून उभी राहिली. दुखलं तिला. खोटं कशाला सांगा, फार दुखलं. उजवी नुसती सुकून पडू दिली असती तर काय झालं असतं, हा विचार करून तिने तो सोडून दिला. आईला सोडून येणाऱ्या पोरीने डाव्या खांद्याचीच तेवढी काळजी घेतली असती, तर तिला कुठल्या तोंडाने आपली म्हणायचं.

तिने लाकडं खाली ठेवली. थोरली दचकून वळली, हात झाकला.

“तांब्यात पानी हाय काय गो?” प्रमिलाने विचारलं. अहोजाहो करायचं ती पहिल्यांदाच विसरली.

“थोडा हाय.”

प्रमिला विहिरीवर गेली, ताजं पाणी ओढलं आणि तांब्या भरून आणला. मग तिच्या शेजारी बसून तिने तो दोन्ही हातांनी धरला. सड्याच्या वळणावर जीपचा आवाज येत होता. थोरलीने उजवीकडचं राहिलेलं पुरं करायला बोट पुन्हा पाण्यात बुडवलं.