दंताजींची मोतिया गाडी

एका जंगलात दंताजी नावाचे एक रानडुक्कर राहत होते. हो मुलांनो, 'राहत होते' असंच म्हणायचं. कारण त्यांनी नुकतीच गाडी घेतली होती. त्याआधी त्यांना सगळे 'ए दंत्या' म्हणायचे.

जंगलात गाडी कुठून आली, असं विचारू नका. गोष्ट ऐकायची तर गप्प बसायचं.

गाडी पांढरी होती. साधी पांढरी नव्हे, मोतिया पांढरी. ज्याचं अख्खं खानदान चिखलात लोळून लहानाचं मोठं झालं, त्यानं पांढरी गाडी का घ्यावी? पण हौसेला मोल नसतं, आणि दंताजींची अक्कल तशी बेताचीच होती.

गाडीची पूजा झाली. नारळ गाडीपासून वीस पावलांवर फोडला. न जाणो, करवंटी उडाली आणि रंगाला लागली तर?

दंताजींच्या बायकोचं नाव कंदाबाई. त्यांचा भाऊ धोंडबा डोंगरापलीकडे करवंदखिंडीत राहायचा. त्याला नुकताच मुलगा झाला होता. बारसं ठरलं होतं. कंदाबाई एकुलती एक आत्या. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केल्याशिवाय बारसं कसलं?

"या खेपेला मी पायी जायची नाही," कंदाबाई म्हणाल्या. "लग्नात तुमच्यामागनं चालत आले. आता गाडीतनं जाणार. माहेरच्यांना बघू दे जरा. आणि बाळाचं नाव मी भूमिनाथ ठेवणार. चार महिने झाले ठरवून."

"अगं, अगदी पाळण्यापर्यंत गाडीनं नेतो," दंताजींनी शब्द दिला.

शब्द द्यायला काय जातं?

पण दुसऱ्याच दिवशी दंताजी खवलेशेठच्या दुकानात गेले. खवलेशेठ म्हणजे खवल्या मांजर. गाड्यांचा रंग सांभाळण्याचा त्यांचा धंदा होता.

"चिखल एक वेळ धुऊन निघतो, दंताजीराव," शेठ म्हणाले. "खरी वैरीण खडी. पुढच्याच्या पायाखालून खडा उडतो, टण्णकन बॉनेटवर बसतो आणि रंगाचा टवका जातो. टवक्यातून पाणी शिरतं. पाण्यानं गंज धरतो. गंजानं पत्रा जातो. आणि पत्रा गेला की इज्जत गेली."

दंताजींना घाम फुटला. "मग उपाय?"

"माझ्याकडे बघा. माझ्या अंगावर एक तरी टवका दिसतो?"

दिसत नव्हता. झालं. गाडीला पारदर्शक फिल्म लागली. फिल्म खराब होऊ नये म्हणून तिच्यावर कोटिंग झालं. चारी चाकांमागे रबरी पट्टे लटकले. वर जाडजूड कव्हर आलं.

"पण शेठ, कव्हर घालून गाडी चालवायची कशी?"

"चालवायची?" शेठ चकित झाले. "तुम्हाला रंग टिकवायचाय ना?"

दंताजी विचारात पडले. त्या दिवसापासून त्यांनी चिखलात लोळणं सोडलं. अंग खाजायचं, माश्या चावायच्या, पण गाडीशेजारून जाताना शिंतोडा उडता कामा नये. त्यांनी वाटेवर पाटी लावली, 'गव्यांनी सावकाश चालावे. खडे उडतात.' गव्यांना वाचता येत नव्हतं. ज्या एकाला येत होतं, तो मुद्दाम पळत जायचा.

बारशाला पाच दिवस राहिले. दंताजी करवंदखिंडीची वाट बघून आले. वाटभर खडीच खडी. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पहाटे मात्र त्यांना युक्ती सुचली.

माणसाला सुचली असती तर त्यानं झाडू घेतला असता. दंताजी डुक्कर होते. त्यांनी नाक घेतलं.

मुसंडी मारून ते एकेक खडा उकरू लागले. खडा निघाला की बाजूला फेकायचा, पुढचा शोधायचा. चार दिवस हेच चाललं होतं. चौथ्या संध्याकाळी त्यांनी कंदाबाईंना कौतुकानं तिथं नेलं.

"अहो, रस्ता कुठाय?" कंदाबाईंनी विचारलं.

"ते सोड. खडा दाखव. एक तरी दाखव!"

खडा खरंच नव्हता. जिथं खडा होता तिथं आता हातभर खड्डा होता. शेजारच्या ओढ्याला हा बेत फार आवडला. रात्रीतून तो सगळ्या खड्ड्यांत जाऊन बसला.

बारशाच्या सकाळी कंदाबाई नवं लुगडं नेसल्या. गाडीत ऐटीत बसल्या. गाडी निघाली आणि पहिल्या खड्ड्यापाशी थांबली.

"काय झालं?"

"चिखल आहे गं. पार काचांपर्यंत उडेल."

"मग?"

"वाळू दे की. दोन दिवसांत वाळेल."

"बारसं आज आहे!"

"बारशाचं काय घेऊन बसलीस? मुलं काय, होतच राहतात."

कंदाबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि नवऱ्यानं खणलेल्या खड्ड्यांत पडत-उठत चालू लागल्या. पोचल्या तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. आत्याची वाट बघून बघून शेवटी शेजारच्या साळिंदरीण काकूंनी पाळण्यात तोंड घातलं होतं. बाळाच्या कानाला काटे टोचले होते. आणि नाव पडलं होतं चिंट्या.

कंदाबाई तिथंच बसून हमसून हमसून रडल्या. मग उडत चाललेल्या एका होल्याकरवी त्यांनी घरी निरोप धाडला, "ती गाडी घरात आहे तोवर मी यायची नाही."

पहिला दिवस दंताजींना बरा गेला. गाडीला हात लावणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःचं जेवण स्वतः शोधावं लागलं. तिसऱ्या दिवशी बॉनेट पुसताना त्यांना त्यात आपलं तोंड दिसलं. खडी उकरून नाकाचं पार सालपट निघालं होतं. घरात विचारायला कुणी नव्हतं, की अहो, दुखतंय का. दंताजींना कंदाबाईंची फार आठवण आली. ते रडले. अश्रू बॉनेटवर पडले, तसे त्यांनी ते लगेच मऊ फडक्यानं टिपले. डाग राहतात म्हणे.

चौथ्या दिवशी त्यांनी काळजावर दगड ठेवला आणि गाडी खवलेशेठच्या दुकानात नेली. "विकून टाका, शेठ. बायको यायची नाही म्हणते."

शेठ गाडीभोवती फिरले. "वा! ओरखडा नाही, टवका नाही. पाहिलं ना, आमच्या मालाला तोड नाही! हिला गिऱ्हाईक पळत येईल बघा."

आलंही. दंताजींनी नावसुद्धा विचारलं नाही. फक्त म्हणाले, "त्यांना सांगा, उन्हात ठेवू नका."

दोन दिवसांनी करवंदखिंडीच्या वाटेवर धुरळा उठला. टण्ण, टण्ण असे आवाज येऊ लागले. एक गाडी खड्ड्यांत आपटत, चिखल उडवत, कडेला फेकलेली खडी उधळत सुसाट आली आणि दंताजींच्या दारात थांबली. चिखलाच्या फटींतून कुठे कुठे पांढरा रंग दिसत होता. मोतिया पांढरा.

आत धोंडबा होता. शेजारी कंदाबाई, त्यांच्या मांडीवर चिंट्या. मागच्या सीटवर सात भाचरं, सगळी थेट ओढ्यातून उठून आलेली.

दंताजी धावत बाहेर आले. "ही... ही गाडी..."

"माझ्या माहेरची आहे," कंदाबाई म्हणाल्या. "भावानं घेतली. चला, जत्रेला निघालोय. बसा मागं."

दंताजी कंदाबाईंकडे बघत राहिले. मग बॉनेटवरच्या ताज्या टवक्याकडे बघत राहिले. शेवटी मुकाट्यानं पुढे झाले. दार उघडलं आणि आत पाय ठेवण्याआधी गवतावर पाय घासू लागले. आधी पुढचे दोन, मग मागचे दोन.

"राहू द्या हो दाजी!" धोंडबा मोठ्या मनानं ओरडला. "आपलीच गाडी समजा!"

तात्पर्य : मुलांनो, आपल्या गाडीचा रंग जिवापाड जपावा. पुढच्या मालकाचे आशीर्वाद लाभतात.