शेजारीण उठेपर्यंत

"माप म्हटलं की मी!" असं ग्रॅमसाहेब छातीवर हात ठेवून सांगायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते बावीस वर्षं निरीक्षक होते. हातात बॅग घेऊन ते बाजाराच्या तोंडाशी दिसले, की पार मागच्या गल्लीतले दुकानदारसुद्धा तराजू पुसायला लागत. एकदा एका वाण्याकडे एका ग्रॅमसाठी दोन तास उभे राहिले, तेव्हापासून त्यांचं खरं नाव लोक विसरले ते विसरलेच. घरीही तोच खाक्या! चहाची पावडरसुद्धा काट्यावर तोलून टाकायची. बायको म्हणायची, "नशीब माझं, मला बघायला आलात तेव्हा काटा बरोबर आणला नव्हता!"

तर अशा या माणसाला त्याच्या आजीनं चारी मुंड्या चीत केलं. तेही ती जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर!

झालं असं, की ग्रॅमसाहेबांची आई पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, पण आईच्या तोंडाची चवच गेली. पेज नको, दूध नको, फळ नको. चमचा पुढे केला की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाड जुळेल हो, पण अंगात ताकदच नसेल तर या चालणार कशाच्या जोरावर? काहीही करा, पण पोटात चार घास गेले पाहिजेत." ग्रॅमसाहेब रोज आईचं वजन लिहून ठेवत होते. तीन आठवड्यांत साडेपाच किलो उतरलं होतं. जन्मभर दुसऱ्यांचे खोटे काटे पकडणाऱ्या या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, देवा, हा एवढा काटा खोटा निघू दे.

आणि बुधवारी सकाळी आईनं हॉस्पिटलमधून स्वतःहून फोन केला.

"अरे, मला ना, माझ्या आईची आठवण पाहिजे."

"आठवण?"

"हो रे! इतकी पाहिजे, इतकी पाहिजे! आण ना कुठून तरी."

ग्रॅमसाहेबांनी स्टूल घेतलं, भिंतीवरचा आजीचा फोटो उतरवला, काच पुसली आणि तडक हॉस्पिटल गाठून तो आईच्या मांडीवर ठेवला. आईनं फोटोकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. मग शांतपणे वाटीतली कवळी काढून तोंडात बसवली.

"याला काय चाटू?"

"अगं, तूच म्हणालीस..."

"आटवण म्हणाले रे मी, आटवण! टोपीतला ट! लाल बरणी!"

तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. लाल बरणी! कांदा, टोमॅटो आणि लसूण मंद आचेवर आटवून आटवून आजी त्याचा गडद लाल गोळा करायची आणि बरणीत भरून ठेवायची. तीच आटवण. भातावर घाला, पावाला लावा, नुसत्या गरम पाण्यात ढवळा, कशालाही चव यायची. घरात न सांगता दहा माणसं उगवली तरी आजी जागची हलायची नाही. म्हणायची, "बसा, बरणी आहे." त्या काळी फ्रीज नव्हता, तयार पाकिटं नव्हती, पण या बाईच्या घरून कुणी उपाशी गेलं नाही. तीन दिवस आधी कष्ट करून ठेवायचे आणि आयत्या वेळी राणीसारखं बसायचं, हे तिचं गणित होतं.

"रविवारी मी घरी येणार," आई म्हणाली. "पण बरणीत तीन दिवस मुरलेली पाहिजे हं! आदल्या दिवशी केलेली मला वासावर कळते."

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच आईनं खायचं नाव काढलं होतं! ग्रॅमसाहेबांनी तिथल्या तिथे छातीवर हात ठेवला. "आई, तू निश्चिंत राहा. माप म्हटलं की मी!"

गुरुवारी साहेबांनी रजा टाकली. आईच्या कपाटातून आजीची वही काढली. ओट्यावर डिजिटल काटा मांडला, मापाचे चमचे मांडले, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं आणि पान उघडलं. आजीनं लिहिलं होतं:

"माणशी तीन कांदे. वर तीन, न सांगता येणाऱ्याचे. टोमॅटो कांद्याच्या निम्मे, रडके घेऊ नयेत. लसूण घालताना लाजू नये. तेल बरं दिसेल इतकं. मीठ रागात असताना घालू नये. मंद आचेवर ठेवावे. शेजारीण उठेपर्यंत ढवळत राहावे. ती उठली की उतरवावे. बरणीत भरून तीन दिवस विसरावे."

साहेबांनी पान उलटून पाहिलं. मागे धोब्याचा हिशेब होता.

"यात एक तरी एकक आहे का?" ते ओरडले. "शेजारीण हे काय एकक झालं?"

बायको पावाला लोणी लावत होती. "मावशींना विचारा."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. साहेबांनी फोन लावला.

"मावशी, आटवण किती वेळ ढवळायची गं?"

"शेजारीण उठेपर्यंत."

"अगं, ते वाचलं मी! म्हणजे मिनिटं किती?"

"ते ती कशाबद्दल बोलतेय त्याच्यावर आहे बाबा. हवापाण्याबद्दल असेल तर अर्धा तास. सुनेबद्दल असेल तर दीड."

"सरासरी एक तास," साहेबांनी लिहून घेतलं.

"अरे, शेजारणीची कसली सरासरी काढतोस?" मावशी म्हणाली, पण तोवर फोन ठेवला गेला होता.

घरात माणसं तीन, म्हणून कांदे बारा. साहेबांनी एकेक कांदा तोलला. बरोबर साठाव्या मिनिटाला गॅस बंद केला आणि चमचा बायकोपुढे धरला. बायकोनं चव घेतली, डोळे मिटले, विचार केला.

"कांदा कांद्याच्या जागी आहे, टोमॅटो टोमॅटोच्या जागी आहे. दोघांची अजून ओळखसुद्धा झालेली नाही."

पहिला घाणा बाद! आणि दुपारचा एक वाजलेला. तीन दिवस मुरायचं तर आज संध्याकाळच्या आत बरणी भरायलाच हवी होती.

"तुमच्या आजीनं शेजारीण लिहिलंय ना? मग शेजारीण आणा की!" बायको म्हणाली. ती थट्टेनं म्हणाली होती, पण साहेब तोपर्यंत समोरच्या दारात पोचले होते.

समोर राहायच्या काकू. पस्तीस वर्षं वाचनालयात काम करून निवृत्त झालेल्या. लोकांना गप्प बसवण्यात सगळं आयुष्य गेलेलं, त्यामुळे स्वतःही बोलायच्या बंद झालेल्या. त्या आल्या, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या, पेलाभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरं, येते."

"अहो काकू, बसा ना! कांद्याला अजून घामसुद्धा फुटला नाही!"

"मला काही बोलायचंच नाहीये रे," काकू म्हणाल्या आणि गेल्या. स्टॉपवॉचवर चार मिनिटं झाली होती.

मग साहेबांनी करू नये ते केलं. ते तळमजल्यावरच्या वकीलकाकांना बोलवायला निघाले.

"अहो, नको!" बायको कळवळून म्हणाली. "त्यांना बसवणं सोपं आहे, उठवणार कोण?"

"तेच तर पाहिजे आहे!"

वकीलकाका फाईल घेऊनच आले. कुंपणाच्या भिंतीचा अठरा वर्षं चाललेला दावा होता त्यांचा. आधी त्यांनी वही मागवून आजीचं कलम वाचलं आणि हरकत घेतली. "इथे शेजारीण म्हटलंय. मी शेजारी. हे कायद्यात बसत नाही."

"काका, बसा तुम्ही. कायदा आपण बसवू."

काका बसले ते बसलेच. कांदा गुलाबी झाला, काका पहिल्या तारखेवर होते. टोमॅटो विरघळला, काका नवव्या तारखेवर आले. आणि मग त्यांनी फाईलमधून भिंतीचा नकाशा काढला. हा एवढा लांबलचक! "धर जरा दोन्ही हातांनी," ते म्हणाले. साहेबांनी कलथा खाली ठेवला आणि नकाशा धरला. नकाशाच्या आड कढई दिसेनाशी झाली.

"काका, कसला तरी वास येतोय हो..."

"वास हा पुरावा होत नाही. तर आठव्या खांबापासून दीड फूट..."

तेवढ्यात समोरचं दार धाडकन उघडलं. धूर पाहून काकू पाण्याची बादली घेऊन धावत आल्या होत्या. पस्तीस वर्षं पुस्तकं सांभाळलेली बाई, आगीच्या बाबतीत ती काय विचार करणार! तिनं बादली जी भिरकावली, ती कढईवर कमी आणि साहेबांवर, नकाशावर आणि अठरा वर्षांच्या फाईलवर जास्त!

वकीलकाका ताडकन उठले.

साहेब डोळ्यांवरचं पाणी निपटत म्हणाले, "उठले! म्हणजे आता उतरवायचं." त्यांनी कढई उतरवली. आत कोळसा होता. काका फाईल पंख्याखाली वाळवायला निघून गेले.

दुसरा घाणाही बाद. पाच वाजले होते. साहेब ओल्या फरशीवर फतकल मारून बसले, आणि गळ्यातलं स्टॉपवॉच काढून त्यांनी टेबलाखाली सरकवून दिलं. बायकोनं टोपलीतले उरलेले बारा कांदे घेतले आणि गुपचूप चिरायला बसली. काकूंना बादलीबद्दल फारच ओशाळल्यासारखं झालं होतं. त्यांनी फडकं घेतलं आणि फरशी पुसायला लागल्या.

साहेब तिसऱ्यांदा कढईपुढे उभे राहिले. या वेळी त्यांनी काही तोललं नाही.

"काकू," ते ढवळता ढवळता म्हणाले, "आई खात नाहीये हो काही. मला फार भीती वाटते."

काकूंचं फडकं थांबलं. त्या खुर्चीत बसल्या. "तुझी आई दर बुधवारी पुस्तक बदलायला यायची," त्या म्हणाल्या. "पानापानांवर तेलाचे डाग! ढवळता ढवळता वाचायची ना. दुसऱ्या कुणाला मी दंड केला असता. तिला एकदाही केला नाही. तू मात्र सांगू नकोस हं तिला."

मग साहेबांनी सांगितलं, आई त्यांना ढवळता ढवळता गोष्टी कशी वाचून दाखवायची, आणि उकळी आली की नेमकी गोष्ट कशी अर्धी राहायची. काकू हसल्या. कितीतरी वर्षांत त्या इतकं बोलल्या नव्हत्या. कांदा कधी गुलाबी झाला, टोमॅटो कधी विरघळला, कुणाचंच लक्ष नव्हतं. कलथा आपला फिरत होता.

आणि एकदम काकू बोलायच्या थांबल्या. त्यांनी नाक वर केलं, मोठा श्वास घेतला आणि ताडकन उभ्या राहिल्या.

"अगं बाई! माझा स्वयंपाक राहिलाय!"

साहेब "बसा" म्हणणार होते, पण त्यांची नजर कढईत गेली. गडद लाल गोळा! कडेनं तेल सुटलेलं आणि मध्ये कलथा ताठ उभा! त्यांनी झडप घालून गॅस बंद केला.

"अहो, कळलं मला!" ते बायकोला गदागदा हलवून ओरडले. "आटवण झाली की वास पिकतो. वास पिकला की शेजारणीला भूक लागते, भूक लागली की तिला तिचा स्वयंपाक आठवतो, आणि ती उठते! आजीनं घड्याळ नाही ठेवलं, शेजारीण ठेवली! काय बाई होती! आमच्या अख्ख्या खात्यात असं उपकरण नाही!"

त्या आनंदात त्यांनी एक छोटी बरणी भरून काकूंच्या हातात दिली. मोठी बरणी फडताळात गेली. शुक्रवारी आणि शनिवारी त्यांनी ऑफिसात दुसरा विषय काढला नाही. इतकंच नाही, तर 'पारंपरिक स्वयंपाकातील अचूक मोजमाप' असं दोन पानी टिपण लिहून ते सूचनाफलकावर स्वतःच्या सहीनिशी लावलं.

रविवारी आई घरी आली. काठीचा आधार घेत खुर्चीत बसली, तिनं कवळी नीट बसवली आणि बरणी उघडून नाकाशी धरली. आईनं पावाच्या तुकड्यावर बोटभर आटवण लावली आणि खाल्ली. मग दुसरा तुकडा खाल्ला, तिसरा खाल्ला. मग म्हणाली, "भात आहे का रे थोडा?"

ग्रॅमसाहेब भात आणायला आत गेले आणि भांड्यासमोर उभे राहून लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून बाहेर आले आणि त्यांनी आईला शेजारणीच्या नाकाचा सिद्धांत पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितला. आई घास थांबवून ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मग ती इतकी हसली, इतकी हसली, की कवळी हातात धरावी लागली.

"अरे, कसलं नाक आणि कसलं काय! आमची शेजारीण मेली एक नंबरची हावरट! तिच्यासमोर उतरवली, की 'बघू जरा चव' म्हणून वाटी भरून न्यायची. म्हणून आई ती उठेपर्यंत नुसती ढवळतच राहायची. अजून व्हायचीय, म्हणायची! आटवण तर कधीच झालेली असायची!"

"मग... मग आटवण झाली हे कळायचं कशावरून?"

"कलथा उभा राहिला की झाली. त्यात काय लिहायचं?"

साहेबांच्या डोळ्यांसमोर सूचनाफलक उभा राहिला. खाली ठसठशीत सही. सोमवारी सगळ्यांच्या आधी ऑफिस गाठायला हवं होतं.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. समोरच्या काकू! हातात घासूनपुसून लख्ख केलेली रिकामी बरणी. "अरे, संपली रे. मुरायची वाटसुद्धा बघवली नाही. अजून थोडी असेल तर..."

आईनं विजेच्या वेगानं बरणी पदराआड घेतली आणि मुलाच्या कानाशी लागली. "गॅस लाव! काहीतरी ढवळायला घे! सांग, अजून व्हायचीय!"

ग्रॅमसाहेब निमूटपणे आत गेले. कढईत तांब्याभर पाणी ओतलं आणि कलथा फिरवायला लागले. बाहेर आईची वाटी तिसऱ्यांदा भरली गेल्याचा आवाज त्यांना ऐकू आला आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. काकू आत येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या होत्या. गुरुवारपासून त्यांना बोलायची गोडी लागली होती, आणि दीड तास झाला तरी त्या काही उठल्या नव्हत्या.