कावळ्याचा जामीनदार

परदेशात वारलेल्या विद्यार्थ्याच्या पिंडाला शिवायला त्याच्या गावचा कावळा जाणार असेल, तर त्या कावळ्याला तात्पुरत्या परदेशी कामगाराचा परवाना लागतो. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी तिकडे पिंड ठेवला की इकडून कावळा निघायचा, शिवायचा आणि दिवस मावळायच्या आत आपल्या झाडावर परत यायचा. कुणी त्याला काही विचारत नसे. पण त्या थंड देशाने यंदा विद्यार्थ्यांचे आणि हंगामी कामगारांचे नियम आवळले, आणि कावळे दुसऱ्या गटात मोडतात असं ठरलं.

निंगाप्पा गावडेला हे कळलं ते थोरला भाऊ परशराम गेल्याच्या तिसऱ्या दिवशी.

परशराम हा चंदगडच्या भागातून शिकायला इतका लांब गेलेला पहिला पोरगा. दिवसा कॉलेज, संध्याकाळी बेकरीत काम. मग त्याचं कॉलेज मान्य यादीतून निघालं आणि तीस तारखेच्या आत देश सोडा, अशी पत्रं सगळ्या पोरांना आली. सव्वीस तारखेला परशराम बर्फावरून घसरला, डोक्याला मार लागला आणि गेला. तिथल्या खात्याने मृत्यू हा देश सोडण्याचाच एक प्रकार धरला आणि रीतसर दाखला पाठवला: ‘मुदतीच्या चार दिवस आधी प्रस्थान. नियमांचे पूर्ण पालन.’

आई तो दाखला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायची. “माझं पोर नियमात गेलं,” ती सांगायची आणि मगच रडायची.

परशरामला अग्नी त्याच्या खोलीतल्या हरमनने तिकडेच दिला होता. दहाव्याला तळ्याकाठी पिंडही तोच ठेवणार होता. कावळा तेवढा इथून पाठवायचा होता. गावडेंच्या दारातल्या फणसावर बसणारा कावळा परशरामला ओळखत होता. रोज शाळेला जाताना परशराम त्याला भाकरीचा तुकडा टाकायचा. निंगूने त्यालाच टोपलीत घातला, वर आईचं लुगडं बांधलं आणि पुण्याची एसटी धरली.

निंगू काजूच्या कारखान्यात कामाला होता. शाळा सहावीत सुटलेली, राग नाकावर. भाऊ गेल्यापासून तो तिघांना मारून आला होता. तिघंही एकच म्हणाले होते, “परश्याला हाकलला म्हणं तिकडनं.”

अर्जाच्या केंद्रात पहिली अडचण फोटोची आली. पांढऱ्या पडद्यासमोर दोन्ही डोळे दिसायला हवेत, असा नियम. कावळा एका वेळी एकच डोळा दाखवी. शेवटी डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन फोटो चालतील असं वरून विचारून घेतलं गेलं. भाषेच्या परीक्षेत कावळ्याला ‘बोलणे’ या भागात चांगले गुण मिळाले, ‘ऐकणे’ या भागात बेताचे.

मग खिडकीवर बोलावणं आलं. खिडकीत टिपणीस मॅडम होत्या.

“अर्जदार तुमचा कोण?”

“आमच्या फणसावर बसतोय.”

“म्हणजे नातं नाही.”

“मॅडम, तुमच्या दारात बसतोय त्याला तुम्ही काय पावणा म्हणताय?”

टिपणीस मॅडमनी ‘परिचित’ असं लिहिलं. “तिथल्या कावळ्यांना आधी संधी दिली का? स्थानिक उमेदवार मिळत नाही हे सिद्ध केल्याशिवाय बाहेरचा कावळा बोलावता येत नाही.”

ते हरमनने केलं होतं. त्याने चार दिवस तळ्याकाठी भाताचा नमुना पिंड ठेवला होता आणि शेजारी पाटी लावली होती. तिथले कावळे येऊन पाटीवर बसले. एकाने शेजारच्या माणसाचा बिस्किटाचा पुडा नेला. पिंडाकडे कुणी बघितलं नाही. त्याचे फोटो निंगूने खिडकीतून आत सरकवले.

“बरं. काम झाल्यावर हा परत येईल कशावरून?”

“म्हणजे?”

“इथं त्याचं काय आहे?”

“घरटं हाय की.”

“त्याच्या नावावर?”

मागे रांगेत आजरेकर नावाचे एक म्हातारे बसले होते, मांडीवर झाकलेला पिंजरा. ते म्हणाले, “बाळा, माझ्या कावळ्याला दोन पिल्लं आहेत, तरी नाकारला. पिल्लांनाही घेऊन जाईल म्हणे.”

“मॅडम,” निंगू म्हणाला, “परवा दहावा हाय.”

“तारीख अर्जावर आहे. पण गेल्या महिन्यात गेलेले एकोणीस कावळे परतले नाहीत. आता जामीनदार लागतो.”

“मी हाय.”

“आधी वाचा. अर्जदार परतला नाही तर—”

निंगूने पेन ओढून घेतलं आणि जिथे जिथे जागा मोकळी दिसली तिथे तिथे सही केली. एक सही चुकून टिपणीस मॅडमच्या जागेवरही पडली. मॅडमनी ती खोडली, शेजारी आपली केली आणि शिक्का मारला. कावळ्याच्या पायात पिवळी कडी घातली. परवाना मिळाला: दहाव्याच्या दिवशी सूर्यास्तापर्यंत, एक पिंड, एकदा.

खिडकीतूनच त्याला सोडलं. तो टोपलीकडे न बघता निघून गेला.

दहाव्याला हरमनने तळ्याकाठी पिंड ठेवला आणि फोन समोर धरला. कावळा आलेला होता. पिंडापासून हातभर अंतरावर बसला, मान वाकडी केली आणि शिवेना.

“दादा,” निंगू फोनमध्ये म्हणाला, “आईला मी सांभाळतो.”

कावळा हलला नाही.

“कारखान्यात कुणाशी भांडत न्हाई. शपथ.”

कावळ्याने चोच पंखात घातली.

“ओए, कुछ और बोल,” हरमन म्हणाला. “दिवस लहान असतो इथे.” इतकं मराठी तो परशरामकडून शिकला होता.

आई दाखला छातीशी धरून बसली होती. निंगूने तिच्याकडे बघितलं आणि तो फोनजवळ सरकला. “दादा, तुला कुणी हाकललेला न्हाई. तू तुझ्या पायानं गेलास, मुदतीच्या आत. तुझा दाखला मी शाळेच्या भिंतीवर लावतो, नव्या पोरांना वाचता येईल असा. आणि ज्यांना मारलं, त्यांना तिथं नेऊन वाचायला लावतो. मारत न्हाई आता.”

कावळा दोन पावलं चालला आणि त्याने पिंडाला चोच लावली. हरमन तिकडे मोठ्याने रडला. इकडे आईने निंगूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “बघ, माझ्या परशाचं काम एका दिवसात झालं.”

दाखला तिसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर लागला. तिघंही येऊन वाचून गेले.

कावळा मात्र परतला नाही. पंधरा दिवसांनी केंद्राचं पत्र आलं. अर्जदाराचं काम समाधानकारक आढळल्याने, आणि आणखी काही विद्यार्थ्यांचे पिंड खोळंबलेले असल्याने, त्याचा परवाना दोन वर्षांसाठी वाढवण्यात येत आहे. त्या काळात गावाची गैरसोय होऊ नये म्हणून अर्जदाराचं इथलं काम अटीप्रमाणे जामीनदाराने करावं. सोबत पिवळी कडी होती, माणसाच्या घोट्याच्या मापाची.

निंगूने ती घातली. कारखान्याच्या मालकाने दहाव्याच्या दिवसांची सुट्टी मान्य केली.

पहिलं काम बाबू सुताराचं आलं. नदीकाठी पिंड ठेवला, माणसं मागे सरकली आणि वर बघू लागली. निंगू उंबराच्या फांदीवर बसला होता. बाबूच्या पोरांनी सांगायला सुरुवात केली: शेत विकणार नाही, बहिणीला आणत जाऊ, देवाला बकरं देऊ. निंगूला बाबू चांगला ठाऊक होता. तो हलला नाही. ऊन चढलं. पोरांचा धीर सुटत चालला. एक जण ओरडला, “ए निंग्या, शिव की लेका, पोटात कावळे वरडाय लागले!”

“भुकेसाठी शिवावं, असं पत्रात न्हाई,” निंगू वरून म्हणाला.

मग धाकटी सून पुढे झाली आणि हळूच म्हणाली, “मामंजी, तुमचा रंधा कुणाला देणार न्हाई. आमचा बाळू शिकंल त्यावर.”

निंगू फांदीवरून खाली उतरला, चालत पिंडापाशी गेला, वाकला आणि शिवला.