एक हात कमी

"चहा ठेव तिकडे. स्पर्धकाकडून मी काही घेत नाही," लॉरेन म्हणाली, आणि तिचा नवरा रॉस कप हातात धरून स्वतःच्याच स्वयंपाकघरात खुळ्यासारखा उभा राहिला.

चूक त्याचीच होती. आमच्या बरालोंग गावच्या कृषी प्रदर्शनाच्या हॉलवर गावातल्या रॉक गायकाच्या नावाची पाटी लागणार होती. पाटी एक आणि दावेदार दोन, रॉस आणि टेरी. दोघांचेही बँड पन्नास वर्षांपूर्वीचे. डोक्यावरचे केस गेले, पण वाद काही गेला नाही.

"कुणाचा किती प्रभाव पडला, हे मोजता येत नसतं," टेरी समितीच्या बैठकीत म्हणाला. "गाणं म्हणजे काय केक आहे?"

रॉसला चेव आला. "का नाही मोजता येत? माझी बायको तीस वर्षं इथल्या स्पर्धेत फ्रूटकेक मोजतेय, गुण देतेय. कुणाची काय हिंमत आहे तक्रार करायची!"

अध्यक्ष डंकननं टेबलावर हात आपटला. "ठरलं तर मग. लॉरेनच परीक्षक!"

रॉस शीळ घालत घरी आला. भाबडा बिचारा! ज्या बाईनं सख्ख्या बहिणीचा केक 'मधे कच्चा' म्हणून बाद केला आणि पुढचे दोन नाताळ तिच्या अबोल्यात काढले, तिच्याकडून हा मेहेरबानीची आशा धरून बसला होता. पण त्याला ती पाटी हवी होती हो, अगदी मनापासून. सांधेदुखीनं बोटं आखडली होती, गिटार पलंगाखाली धूळ खात होती. आपणही कुणीतरी होतो, एवढं भिंतीवर राहावं, बास.

लॉरेननं केकचा गुणतक्ता घेतला आणि त्यात दोन रकाने जास्तीचे आखले, 'कीर्ती' आणि 'प्रभाव'.

"कीर्तीत मीच पुढे," टेरी म्हणाला. "मला तीन पबांनी हाकललंय. याला एकानंच."

"हाकललं की गुण मिळतात का कापतात?" डंकननं विचारलं.

यावर तासभर भांडण झालं. शेवटी लॉरेननं कीर्तीचा रकानाच खोडून टाकला.

शनिवारी दुपारी हॉल भरला. केकना लावतात तशा दोघांच्या जुन्या गाण्यांच्या कॅसेटींना नावाऐवजी नुसत्या नंबराच्या चिठ्ठ्या होत्या. लॉरेन डोळे मिटून ऐकत होती. नंबर एकला तिनं एकोणतीस गुण दिले. "नीट भाजलंय, पण चव बेताची." नंबर दोनला एकतीस. "कडा करपल्यात. पण आत ओलावा आहे."

चिठ्ठ्या उघडल्या. दोन नंबर रॉसचा! तो खुर्चीत चांगला वीतभर उंच झाला.

"आता प्रभाव," लॉरेन म्हणाली. "एका हाताला एक गुण. टेरीचं ऐकून ज्यांचं आयुष्य बदललं, त्यांनी हात वर करा."

चार हात वर झाले. पोस्टमन, गुरांचा डॉक्टर आणि बेकरीतल्या दोघी बहिणी. चौघंही टेरीमुळे वाजवायला शिकले होते.

"आता रॉसचं ऐकून?"

कुणी हलेना. रॉस बुटांकडे बघत बसला. लॉरेनच्या हातातली पेन्सिल मोडली, तिनं दुसरी घेतली.

आणि एक हात वर झाला. टेरीचा!

"खोटं कशाला बोलू," तो चिडूनच म्हणाला. "याला पहिल्यांदा ऐकलं आणि म्हटलं, या ठोंब्याला जमतं तर मला का नाही?"

हॉल हसून हसून लोळला. डंकन ओरडला, "अहो, मग टेरीचे चारही रॉसचेच की! मेंढ्यांत पिल्लांचे गुण बापाला देतात!"

"मेंढ्यांचा तंबू पलीकडे आहे," लॉरेन म्हणाली. "टेरी तेहतीस, रॉस बत्तीस."

रॉसनं उठून टेरीशी हात मिळवला. हसलासुद्धा. पण घरी आल्याआल्या पलंगाखालची गिटार आणखी आत सरकवली.

चार वाजता त्यानं चहा करून व्हरांड्यात आणला. लॉरेननं कप घेतला. "आता चालेल. निकाल लागलाय."

"एका गुणानं गं. एक हात कमी पडला."

"माहितीय मला," ती म्हणाली. "चौऱ्याहत्तर साली तुझं गाणं ऐकायला आले होते ना, तेव्हा पर्समध्ये सिडनीच्या बसचं तिकीट होतं. दुसऱ्या दिवशीचं. नोकरी ठरली होती माझी."

"काय? तू तर आईसाठी राहिलीस म्हणायचीस!"

"आईला काय धाड भरली होती? ठणठणीत होती ती. तुझं ते बेसूर गाणं ऐकलं, आणि सकाळी बस गेली मला सोडून."

रॉसचे डोळे भरून आले. "अगं बाई, मग आज बोलली का नाहीस?"

"परीक्षकाला मत नसतं, रॉस," ती म्हणाली. मग कप खाली ठेवून तिनं आपला हात हळूच वर केला.